खान्देशातून क्रूझच्या प्रवासाला निघताना: घरची तयारी आणि जहाजावरचे नियम

मुंबईच्या क्रूझ टर्मिनलात सामान तपासणीच्या पट्ट्यावरून आमच्या आत्याबाईंची बॅग पुढे सरकली आणि लगेच बाजूला काढण्यात आली. बॅगेतून एकामागून एक वस्तू टेबलावर आल्या: पाणी तापवायचा रॉड, अगरबत्तीचा पुडा, पितळी निरांजन, काडेपेटी आणि स्टीलच्या डब्यात कळण्याच्या भाकरी व वांग्याचे भरीत. रॉड, निरांजन आणि अगरबत्ती यांची नोंद करून पावती देण्यात आली, काडेपेटी काढून घेतली आणि डबा रिकामा करावा लागला. आत्याबाई एवढेच म्हणाल्या, "जहाजवर भाकर कोठे भेटी?" त्यांचे काहीच चुकले नव्हते. अमळनेरहून गाणगापूरला जाताना जी तयारी असते, तीच त्यांनी केली होती. या वस्तू का चालत नाहीत, हे आम्ही त्यांना घरीच समजावून सांगितले असते तर तो पाऊण तासाचा मनस्ताप टळला असता. पुढील मजकूर मी त्यासाठीच लिहीत आहे.

क्रूझचे जहाज वरकरणी मोठ्या हॉटेलसारखे दिसते, पण ते हॉटेल नाही, ही गोष्ट आधी मनात पक्की करावी. जळगावात एखाद्या इमारतीला आग लागली तर अग्निशमन दलाचा बंब थोड्या वेळात दारात येतो आणि कोणाच्या छातीत दुखू लागले तर रिक्षा करून दवाखाना गाठता येतो. किनाऱ्यापासून शंभर किलोमीटरवर असलेल्या जहाजावर मात्र बंबही तेच, दवाखानाही तोच आणि पोलीसही तेच. जहाजावरील बहुतेक नियम या एका वस्तुस्थितीतून आले आहेत, आणि ती ध्यानात ठेवली की ते पाठ करावे लागत नाहीत.

आरक्षणापूर्वी

मुंबईहून गोवा, कोची आणि लक्षद्वीप या दिशांना क्रूझच्या फेऱ्या होतात. २०२१ पासून 'कॉर्डेलिया' कंपनीचे 'एम्प्रेस' हे जहाज या मार्गांवर आले आणि आपल्याकडच्या अनेक कुटुंबांचा पहिला क्रूझ प्रवास त्यावरच झाला आहे. त्याखालोखाल खान्देशातील मंडळी सहल कंपन्यांबरोबर सिंगापूरहून सुटणाऱ्या जहाजांवर जातात. पहिल्या प्रवासासाठी दोन किंवा तीन रात्रींची फेरी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. समुद्र आपल्याला मानवतो की नाही, हे तेवढ्यात कळते. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो, म्हणून ऑक्टोबर ते मार्च हा काळ निवडावा. त्यातही डिसेंबर ते फेब्रुवारी हे महिने सर्वांत शांत असतात.

जाहिरातीतील भाडे आणि हाती येणारे बिल यांत मोठे अंतर असते. भाड्यावर बंदर शुल्क, कर आणि प्रत्येक माणसामागे दर दिवसाचे सेवाशुल्क लागते, आणि हे सेवाशुल्क काही कंपन्या आरक्षणातच घेतात, तर काही जहाजावरच्या खात्यात लावतात. ते नेमके केव्हा आणि किती लागणार, हे एजंटकडून लेखी घ्यावे. भाडे दोघांच्या केबिनवर आधारलेले असते, त्यामुळे एकट्याने जाणाऱ्याला बऱ्याचदा दोघांइतके पैसे मोजावे लागतात, तर त्याच केबिनमध्ये तिसरे-चौथे माणूस तुलनेने स्वस्तात जाते.

केबिन निवडताना खिडकी आणि बाल्कनी यांचाच विचार होतो, पण तिची जागा अधिक महत्त्वाची असते. झोपाळ्याच्या टोकाशी बसलेल्याला जसा जास्त झोका बसतो, तसेच जहाजाच्या पुढच्या-मागच्या टोकांना आणि वरच्या मजल्यांवर हेलकावे अधिक जाणवतात. मध्यभागी आणि खालच्या डेकवर ते सर्वांत कमी असतात. ज्यांना चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना मळमळते, त्यांनी बाल्कनीचा मोह सोडून मधल्या भागातील खालची केबिन घ्यावी. डान्स फ्लोअरच्या किंवा स्वयंपाकघराच्या थेट खाली-वर असलेली केबिनही टाळावी. डेकचा नकाशा कंपनीच्या संकेतस्थळावर असतो. तो एजंटला समोर उघडायला लावावा.

नावांबाबत काटेकोर राहावे. आपल्याकडे आधारवर लग्नानंतरचे नाव, पासपोर्टवर माहेरचे आणि तिकिटावर घरात रूढ असलेले, असा प्रकार सर्रास आढळतो. तिकिटावरचे नाव तपासणीच्या वेळी दाखवायच्या ओळखपत्राशी अक्षरशः जुळले पाहिजे. जहाज परदेशी बंदराला लागणार असेल तर पासपोर्टची मुदत प्रवास संपल्यानंतर किमान सहा महिने शिल्लक असावी. सिंगापूरहून निघून पुन्हा सिंगापूरलाच परतणाऱ्याने आपला व्हिसा एकापेक्षा अधिक प्रवेशांचा आहे याची खात्री करावी, कारण जहाज देशाबाहेर जाऊन येते आणि उतरताना तो दुसरा प्रवेश ठरतो. आजी-आजोबांसोबत नातवंडे जात असतील तर आई-वडिलांचे संमतिपत्र सोबत द्यावे. लक्षद्वीपला उतरण्यासाठी भारतीयांनाही प्रवेश परवाना लागतो. तो सहसा कंपनी काढते, पण त्यासाठी मागितलेली कागदपत्रे वेळेत दिली नाहीत तर बेट जहाजावरूनच पाहावे लागते.

गरोदर स्त्रियांबाबतचा नियम अनेकांना ऐनवेळी कळतो. प्रवासाच्या कोणत्याही दिवशी गर्भारपणाचा चोविसावा आठवडा सुरू होत असेल, तर बहुतेक कंपन्या प्रवेश देत नाहीत, आणि त्याआधीच्या काळासाठीही डॉक्टरांचे पत्र मागतात. जहाजावरच्या दवाखान्यात बाळंतपणाची किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळाला सांभाळण्याची सोय नसते, हे त्यामागचे सरळ कारण आहे. तान्ह्या बाळांसाठी किमान वय सामान्यतः सहा महिने आणि लांबच्या सागरी सफरींसाठी एक वर्ष असते.

जैन जेवण, अंड्याशिवायचे जेवण किंवा कांदा-लसूण वर्ज्य असणे, हे सर्व आरक्षणाच्या वेळीच लेखी कळवावे. परदेशी जहाजांवर 'व्हेजिटेरियन' म्हटल्यावर अंडे आणि चीज गृहीत धरले जाते, म्हणून 'भारतीय शाकाहारी' असा स्पष्ट उल्लेख करावा. पहिल्याच रात्री भोजनगृहाच्या प्रमुखाला भेटून ही नोंद त्यांच्यापर्यंत पोहोचली आहे का, हेही विचारून घ्यावे.

प्रवासविमा घेताना त्यात क्रूझचा समावेश आहे का, हे पाहावे. जहाजावरचा उपचार मोफत नसतो. त्याचे बिल आपल्या खात्यावर चढते आणि नंतर विम्याकडून मागावे लागते. सत्तरीपुढच्या आई-वडिलांना घेऊन जाणाऱ्यांनी हा खर्च वाचवू नये.

धक्क्यापर्यंतचा प्रवास

भुसावळ, जळगाव आणि चाळीसगाव येथून थेट छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला जाणाऱ्या गाड्या आहेत, आणि तिथून क्रूझ टर्मिनलचा बॅलार्ड पिअर धक्का टॅक्सीने काही मिनिटांवर आहे. नंदुरबार, दोंडाईचा आणि अमळनेरच्या प्रवाशांना तापी खोऱ्याच्या मार्गाने सुरतकडून पश्चिम रेल्वेने यावे लागते, त्यामुळे त्यांनी मुंबईतील शहरांतर्गत प्रवासाचा वेळ वेगळा धरावा. धुळ्याहून मोटारीने येणाऱ्यांना कसारा घाट आणि त्यानंतरची ठाण्याची वाहतूक यांचा भरवसा नसतो. रात्रीच्या गाडीने पहाटे उतरून दुपारचे जहाज पकडण्याचा बेत कागदावर ठीक दिसतो, परंतु गाडी चार तास उशिरा आली तर जहाज थांबत नाही. प्रवेश साधारणपणे जहाज सुटण्याच्या तास-दीड तास आधीच बंद होतो, कारण प्रवाशांची अंतिम यादी अधिकाऱ्यांना द्यावी लागते. एक दिवस आधी मुंबईत मुक्काम करणे, हा क्रूझच्या खर्चाचाच भाग समजावा.

बॅगेत काय असावे, काय नसावे

मोठ्या बॅगा धक्क्यावर हमालाच्या स्वाधीन करायच्या असतात आणि त्या केबिनच्या दाराशी संध्याकाळपर्यंत येतात. म्हणून ओळखपत्रे, पैसे, दागिने, चष्मा, सर्व औषधे आणि एक जोडी कपडे हातातल्या लहान बॅगेत ठेवावेत. औषधे डबीत सुटी भरून न नेता मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणि दोन-तीन दिवस जास्तीची न्यावीत. रक्तदाबाची गोळी मोठ्या बॅगेत राहिली आणि बॅग रात्री आठला आली, असे आमच्या सोबतच्या एका काकांचे झाले होते.

उष्णता निर्माण करणारी कोणतीही वस्तू चालत नाही: रॉड, इस्त्री, विजेची किटली, मेणबत्ती, धूप, निरांजन. समुद्रावर सर्वांत मोठे भय वादळाचे नसून आगीचे असते. २३ मार्च २००६ रोजी जमैकाकडे निघालेल्या 'स्टार प्रिन्सेस' या जहाजाच्या एका बाल्कनीत आग लागली आणि ती शेजारच्या बाल्कन्यांत पसरत गेली. त्यात एका प्रवाशाचा मृत्यू झाला. टाकून दिलेले सिगारेटचे जळते थोटूक हे तपासात संभाव्य कारण ठरले. आज बहुतेक जहाजांवर बाल्कनीत धूम्रपानाला बंदी आहे आणि त्यासाठी ठरावीक जागा नेमून दिलेल्या असतात, याचे मूळ अशा घटनांत आहे. विजेचा एक्सटेन्शन बोर्डही बहुतेक कंपन्या ठेवून घेतात. केबिनमधील प्लग वेगळ्या पद्धतीचे असू शकतात, म्हणून साधा अॅडॉप्टर तेवढा न्यावा. पूजेचा नेम असणाऱ्यांनी देवाची लहान तसबीर आणि जपमाळ न्यावी. दिवा मनात लावावा. त्यासाठी कोणी अडवत नाही.

घरचे शिजवलेले अन्न नेता येत नाही, कारण अन्नातून एका माणसाला झालेली बाधा बंद जागेत शेकडोंपर्यंत पोहोचू शकते. कारखान्यातून सीलबंद होऊन आलेली पाकिटे मात्र सहसा चालतात, त्यामुळे केळीचे वेफर्स, शेव किंवा चटणीचे सीलबंद पाकीट ठेवायला हरकत नाही. घरी वाळवलेल्या बिबड्या नेण्याचा मोह होतो, पण पाकीट उघडे असल्यास त्याही अडतात. परदेशी बंदरावर उतरताना फळे, बियाणे आणि खाद्यपदार्थ सोबत घेऊन उतरणे हा दंडनीय गुन्हा ठरू शकतो. जहाजाच्या नाश्त्यातले केळे पिशवीत टाकून खाली नेणेही त्यातच येते, हे केळीच्या मुलखातील माणसाने विशेष ध्यानात ठेवावे. दारू बाहेरून आणू देत नाहीत. ड्रोन, मोठी सुरी आणि धारदार हत्यारेही नकोत. गुटखा आणि तंबाखू घरीच सोडलेले उत्तम, कारण पिचकारी मारायला जहाजावर जागाच नाही.

पोहण्याच्या तलावात सुती कपडे चालत नाहीत, पोहण्याचाच पोशाख लागतो. लंगोटातील बाळांना तलावात सोडत नाहीत. रात्रीच्या मुख्य भोजनगृहात अर्धी विजार, बनियन आणि साधी चप्पल चालत नाही. साडी, सलवार-कमीज, झब्बा-पायजमा हे सर्व उत्तम चालते आणि शोभूनही दिसते. परदेशी जहाजांच्या शौचालयात पाण्याची फवारणी क्वचितच असते, म्हणून प्लॅस्टिकचा एक छोटा मग न्यावा. तिथले शौचालय हवेच्या दाबावर चालते. त्यात कागदाच्या पलीकडे काहीही टाकल्यास एकट्या आपल्याच नव्हे, तर रांगेतील अनेक केबिनची सोय बंद पडते.

पहिला तास

जहाजावर पाऊल ठेवल्यावर सर्वजण जेवणाकडे धावतात. त्याआधी आपले 'मस्टर स्टेशन', म्हणजे संकटकाळी जमण्याची जागा, शोधावी. ती प्रवेशपत्रिकेवर आणि केबिनच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहिलेली असते. धोक्याचा इशारा म्हणजे भोंग्याचे सात आखूड आणि त्यामागून एक लांब आवाज, हा जगभर एकच आहे. सुरक्षेची कवायत सर्वांना सक्तीची असते आणि ती केल्याची नोंद कार्डावर होते.

ही सक्ती कशी आली, हे मी घरातल्या प्रत्येकाला सांगतो. 'टायटॅनिक' १९१२ मध्ये बुडाल्यानंतर १९१४ मध्ये समुद्रावरील जीवितरक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्या करारातील नियम पुढे वाढत गेले, तरी प्रवासी चढल्यापासून चोवीस तासांच्या आत कवायत घेतली म्हणजे पुरे, अशी मुभा दीर्घकाळ होती. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या जिल्यो बेटाजवळ 'कोस्टा कॉन्कोर्डिया' खडकावर आपटले, तेव्हा त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत व्हायचीच होती. त्या दुर्घटनेत ३२ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर नियम बदलला आणि १ जानेवारी २०१५ पासून जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणी कवायत घेणे बंधनकारक झाले.

आमच्या कवायतीत एका तरुण खलाशाने आत्याबाईंना लाइफ जॅकेट घालून दाखवले. पट्टा पदरावरून गेल्यामुळे सैल राहत होता. त्याने त्यांना पदर कमरेला घट्ट खोचायला सांगितले आणि मग पट्टा ओढला. नऊवारी-सहावारी नेसणाऱ्या प्रत्येक स्त्रीने हे एकदा स्वतः करून पाहावे. केबिनपासून जिन्याने त्या जागेपर्यंत एकदा चालत जावे, कारण संकटात लिफ्ट वापरायची नसते. लहान मुलांसाठी वेगळ्या मापाची जॅकेटे असतात. केबिनमध्ये ती नसतील तर त्याच दिवशी मागून घ्यावीत.

बाल्कनीच्या कठड्यावर मुलांना बसवून फोटो काढणे जिवावर बेतू शकते, आणि असे करणाऱ्यांना पुढच्या बंदरात उतरवण्याचा अधिकार कप्तानाला असतो. कठड्यावरून काहीही खाली टाकू नये. भुसावळजवळ तापीचा पूल आला की गाडीतून नाणे सोडून हात जोडणारी आपण माणसे. समुद्र पाहिल्यावर नारळ, फुले किंवा निर्माल्य अर्पण करावेसे वाटते. परंतु जहाजांनी समुद्रात कचरा टाकण्यावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत आणि प्लॅस्टिक तर कुठेच टाकता येत नाही. आपली तापी सुरतेपलीकडे याच अरबी समुद्राला मिळते. हात जोडणे पुरेसे आहे.

मळमळ आणि पोट

बोट लागण्यावरची गोळी मळमळ सुरू झाल्यावर फारशी उपयोगी पडत नाही. ती आधी घ्यावी लागते. प्रोमेथाझिन किंवा मेक्लिझिन या औषधांबद्दल निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. या औषधांनी झोप येते, आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी ती परस्पर मुळीच घेऊ नयेत. आल्याची वडी तोंडात ठेवावी, पोट रिकामे ठेवू नये, तेलकट खाऊ नये आणि मोबाईलकडे पाहत बसू नये. मोकळ्या डेकवर येऊन नजर क्षितिजावर ठेवली की कानातील तोल आणि डोळ्यांना दिसणारे दृश्य यांचा मेळ बसतो आणि बरे वाटते.

जुलाब-उलट्यांचा नोरोव्हायरस हा जहाजांवरचा जुना शत्रू आहे. त्यावर अल्कोहोलचे सॅनिटायझर पुरेसे काम करत नाही. साबण लावून वीस सेकंद हात धुणे हाच खरा उपाय आहे. बुफेतील चमच्याला शेकडो हात लागतात, म्हणून पान वाढून घेतल्यावर आणि जेवणाआधी हात पुन्हा धुवावेत. जुलाब झाले तर लाजेने लपवू नयेत, दवाखान्यात कळवावे. एक-दोन दिवस केबिनमध्ये राहायला सांगतील, जेवण तिथेच येईल. लपवल्यास त्याची झळ बाकीच्यांना बसते.

पैसे आणि मोबाईल

जहाजावर रोख चालत नाही. केबिनची किल्ली असलेले कार्डच सर्वत्र दाखवायचे असते आणि खर्च खात्यावर चढतो. मुलांच्या कार्डावर खर्चाची मर्यादा घालून घ्यावी. फ्रिजमधील बाटल्या, खास उपाहारगृहे आणि काही पेये वेगळ्या पैशांची असतात, म्हणून घेण्यापूर्वी विचारावे. खात्याचा उतारा रोज रात्री पाहावा. चूक दुसऱ्याच दिवशी दुरुस्त होते, शेवटच्या सकाळी रांगेत उभे राहून होत नाही.

मोबाईलबाबत माझ्या मामांना आलेला अनुभव कटू आहे. जहाज किनाऱ्यापासून दूर गेले की फोन आपोआप जहाजावरच्या उपग्रहाधारित नेटवर्कला जोडला जातो आणि त्याचे दर नेहमीच्या रोमिंगहून कितीतरी जास्त असतात. मामांनी गावाकडे दोन व्हिडिओ पाठवले आणि महिन्याचे बिल केळीच्या एका खेपेच्या भाड्याएवढे आले. धक्का सुटण्यापूर्वी फोन 'एअरप्लेन मोड'वर टाकावा आणि लागल्यास जहाजाचे वाय-फाय विकत घ्यावे. शेतातील सालदाराला आणि घरच्यांना 'तीन दिवस फोन लागणार नाही' असे आधीच सांगून ठेवावे.

बंदरावर उतरताना

जहाजाची वेळ आणि किनाऱ्यावरची वेळ वेगळी असू शकते. सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. मनगटावरचे घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवावे आणि परतीची शेवटची वेळ, जी सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधीची असते, कागदावर लिहून खिशात ठेवावी. कंपनीच्या सहलीला उशीर झाला तर जहाज बहुधा थांबते. स्वतः टॅक्सी करून गेलेल्यासाठी थांबत नाही आणि पुढच्या बंदरापर्यंतचा खर्च ज्याचा त्याला करावा लागतो.

लक्षद्वीपला जहाज खोल पाण्यात नांगरते आणि लहान होड्यांतून उतरावे लागते. लाटेवर वर-खाली होणाऱ्या होडीत पाय टाकणे गुडघेदुखी असलेल्यांना अवघड जाते. त्यांनी त्या दिवशी जहाजावरच थांबणे शहाणपणाचे. तिथे बंगारम वगळता दारूबंदी आहे, आणि प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार संरक्षित असल्याने त्याचा लहानसा तुकडाही आठवण म्हणून उचलू नये.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगांना रंगीत चिठ्ठ्या बांधून त्या केबिनबाहेर ठेवायच्या असतात. सकाळचे कपडे, औषधे आणि ओळखपत्रे आधी बाहेर काढून ठेवावीत. बॅग गेल्यावर ती धक्क्यावरच भेटते. जहाज पहाटे धक्क्याला लागले तरी सर्वजण उतरेपर्यंत दहा-अकरा वाजतात, म्हणून जळगाव-भुसावळकडच्या परतीचे आरक्षण दुपारनंतरच्या गाडीचे करावे. ठेवून घेतलेल्या वस्तू पावती दाखवल्यावर टर्मिनलात परत मिळतात. आत्याबाईंनी ती पावती तीन दिवस रुमालाच्या गाठीत बांधून ठेवली होती. गाठ सोडून त्यांनी ती पुढे केली आणि रॉड, निरांजन व अगरबत्ती तिथेच मोजून ताब्यात घेतली.